चार बोटं फट

खारला रस्त्याचं काँक्रीट चालू होतं,
एक खडी उडाली
आणि तळपदेबाईंच्या ट्रायम्फच्या डाव्या दाराची काच
साखर सांडावी तशी सांडली.
बाई फोनवर म्हणाल्या, तुझे वडील असते तर,
आणि पुढचं बोलल्या नाहीत.
मी म्हटलं, घेऊन या.

गाडी दोन सीटची, एकोणीसशे चौसष्टची,
रंग पिकल्या जांभळाचा.
घोडपदेवच्या आमच्या गाळ्यात मोठ्या गाड्या अंग चोरून शिरतात,
ही बुटकी सरळ आली.

हँडलमागची चकती दाबली, पिन ठोकून काढली,
दाराचं अस्तर सोलून भिंतीला टेकवलं.
पुठ्ठा ओल खाऊन फुगलेला.
दाराच्या पोटात हात घालायचा तर
आधी बांगड्या काढायच्या,
हे बाबांनी मला नववीत असताना शिकवलं.
तळाशी काचेचे मणी, एक हेअरपिन, गंजाची भुकटी,
पाणी जायची भोकं बुजलेली.
दाभणाने मोकळी केली.

काच इथे मिळत नाही.
विलायतेहून मागवायची तर काचेपेक्षा पेटी महाग.
उजव्या दाराची काढून पालथी धरली,
पुठ्ठ्यावर रेघ मारली,
आणि पुठ्ठा काखेत घेऊन कुर्ल्याला
शब्बीर काचवाल्याकडे गेले.
तो म्हणाला, नीट बघून घे.
कापायचं, घासायचं ते कच्ची असताना.
एकदा भट्टीतून आली की
तिला कोणी काही शिकवू शकत नाही.
एक मिलिमीटर चुकलं तर?
तर दुसरी, म्हणाला, आणि चहा मागवला.

नवव्या दिवशी आली, जुन्या चादरीत गुंडाळून.
खालच्या पन्हळीत रबराची पट्टी, वर साबणाचं पाणी,
लाकडी हातोडीने हळूहळू,
पोराला थोपटावं तशी बसवली.
रोलर घातले. ग्रीस.
हँडल फिरवलं.
चढली, चढली,
आणि चार बोटं उरली तिथे थांबली.

पुन्हा काढली. मापली. माप बरोबर.
टॉर्च दातांत धरून आत डोकं घातलं.
कात्रीच्या दांडीच्या वाटेत
सागाचा एक तुकडा,
सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेला,
वर तांब्याच्या तारेचे तीन वेढे
आणि तारेचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाच्या हाताला लागू नये म्हणून.

असं टोक दुमडणारा माणूस मला एकच माहीत होता.

सोनू मेस्त्री. माझे बाबा.
चाळीस वर्षं जे बाईंना सांगत आले,
'काच अडकता, बाई. हेका उपाय नाय.'

कोणी सांगितलं असेल?
तळपदेसाहेब चिरूट ओढायचे, त्यांनी?
की बंद गाडीत बाईंचा जीव घाबरायचा
आणि ते कोणी कोणाला बोलून दाखवायचं नव्हतं?
का काचेआडून बाबांनीच कधी काही पाहिलं होतं?
विचारायला दोघांतलं कोणी उरलेलं नाही.
तुकडा सोडवला, तार न तोडता.
खिशात टाकला.

संध्याकाळी बाई आल्या.
अकरा वर्षं गाडी त्याच चालवतात,
तरी आधी डावीकडे जाऊन बसल्या.
दार ओढलं. हँडल फिरवलं.
काच वर गेली, थेट कापडी टपाच्या रबरात.
शेजारी वेल्डिंग चाललं होतं,
काचेवर निळं लखलखत होतं,
आत बाईंचे ओठ हलले,
मला काही ऐकू आलं नाही.

मग हँडल उलटं फिरलं. थोडंच.
मी बोटं लावून पाहिली नाहीत.

फटीतून म्हणाल्या,
"एवढी वर कधी गेलीच नव्हती गं.
सोनू मेस्त्रींना नाही जमलं ते."

"नाही जमलं," मी म्हटलं.

आणि बिल लिहायला पेन शोधत
खिशात हात घातला.
तारेचं टोक
हाताला लागलं नाही.